तीन बोटांवर

ग्दान्स्कच्या गोदीत, वेल्डिंगच्या वर्गात
झेनोन म्हातारा जोड हातात घेऊन
नुसतं "हं" म्हणायचा.
त्या "हं"वर दोब्रावानं अख्खा नोव्हेंबर काढला.

मग एकदा मुखवटा वर सरकवून विचारलं :
"बिघडायला लागलं, ते कुठून?"

तो थबकला.
आजवर पोरं विचारायची ती पास की नापास, एवढंच.

पट्टी शिकंज्यात धरून त्यानं वाकवली.
डावीकडून तीन बोटांवर तडा.
"इथं श्वास रोखलास तू."

रोखला होता.
त्याला कसं कळलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

तो मोडका तुकडा आता तिच्या खिशात असतो,
किल्ल्यांवर खडखडतो.
नवा जोड पुरता निवलेलाही नसतो
तोवर ती पुढे करते :
वाकवा बघू.