फेरा

नकाशा फाटलाय घडीवर, नेमका खिंडीपाशी.
चिकटपट्टी लावली तर उंचीचा आकडा झाकला जातो,
म्हणून तसाच ठेवलाय.
एक कोपरा तेलाच्या बाटलीखाली,
दुसरा निवेसच्या कोपराखाली.

रविवारी निघायचं. तिची अट एकच,
गेलो त्या वाटेने परत यायचं नाही,
आपण काही पत्रं वाटायला चाललेलो नाही.

एकोणतीस वर्षं मी याच दऱ्यांत पत्रं वाटली.
जाताना पिशवी भरलेली, येताना रिकामी,
रस्ता तोच.
आता फेरा हवा.
गोल नाही जमायचा, कार्नियात
डोंगरांना विचारल्याशिवाय कुणी गोल काढत नाही.
चावलेल्या नासपतीसारखा काहीतरी,
जिथून सुरू तिथेच येऊन मिटणारा.

आधी तालियामेन्तोच्या काठाने वर.
ऑगस्टात नदीत पाण्यापेक्षा गोटेच जास्त.
अकरा किलोमीटर सपाट,
बढाया काय त्या इथेच मारून घ्यायच्या.
मग चेरेस्काची दरी, लाकूड कापायची गिरणी,
तिचा वास आधी पोचतो, आवाज मागून.
मग बारा वळणं.
सतरा, निवेस म्हणते.
मी म्हटलं, त्या प्रत्येकावर माझी मोपेड
पहिल्या गिअरला रडलेली आहे, मला नको शिकवूस.

(सतराच निघाली. पेन्सिलीच्या टोकाने मोजली.
शेवटची पाच मी बहुधा
डोळे मिटून चढत असणार.)

खिंडीत रेंगाळायचं नाही, घाम गार पडतो.
जॅकेट चढवायचं आणि सुटायचं.
उताराला काय, सगळेच शूर.
खाली सोविनात फुल्व्हियोची खानावळ,
पोलेंटा, पण अर्धी थाळी,
पोट भरलं की मांड्या ऐकत नाहीत.

तिचं बोट पुढे सरकतं
आणि थांबतं.

इथून दोन रस्ते.
एक बोगद्यातून, अडीच किलोमीटर,
निम्मे दिवे गेलेले, मागे ट्रक.
दुसरा प्रातुलवरून.

ती काही बोलत नाही. दरीत सगळ्यांना ठाऊक आहे.
भावाचा न् माझा अबोला यंदा चौदाचा झाला,
मूल असता तर मोपेडचा परवाना मिळाला असता.
गवताच्या एका पट्ट्यावरून झाला,
तो पट्टा आता कुणीच कापत नाही.
त्याची पत्रं मी टाकत होते तरीही,
पेटीचं झाकण आवाज न करता लावत होते.

बोगदा, मी म्हणते.
मग एकटीच जा, निवेस म्हणते.

आम्ही सगळा फेरा उलटा करून पाहिला.
तसं केलं तर प्रातुल उतारावर येतं,
पन्नासच्या वेगात
चर्च, हौद, त्याचं दार, स्मशान, संपलं गाव.
पण मग फुल्व्हियो उघडायच्या आधीच आपण त्याच्या दारात,
आणि शेवटचे अकरा किलोमीटर
दुपारचा वारा तोंडावर.
एका दारापायी एवढा वारा?
पुन्हा सुलटा केला.

मग पाण्याचा हिशेब.
एकेकीला दोन बाटल्या.
सोविनापासून घर चौतीस किलोमीटर, मधे चढ, वर ऊन.
मधे नळ नाही. हौद आहे, एकच,
दगडी, पाणी इतकं गार की दाढा ठणकतात,
उल्देरिकोच्या अंगणासमोर.
दुपारचा तो तिथेच बसतो म्हणे,
लांब दांड्याच्या विळ्याला धार लावत.
कशासाठी, ते कुणी विचारत नाही.

मी पेन्सिल उचलते.
गावाच्या नावाला हात लावत नाही,
बाजूला, समासात लिहिते:
पाणी. बावन्नावा किलोमीटर. पाच मिनिटं.

निवेस पाच खोडून दहा करते.
मी दहा खोडून सात.

मागच्या टायरात हवा कमी आहे,
ती आजच भरून ठेवते.