जास्त

नुबिया किरोगा, तुझं पान
माझ्या वहीत चौथं.
दोन अंडी, अर्धा लिटर तेल, एक सॉसेज.
मंगळवारी सॉसेजचा आकडा खोडून पुन्हा लिहिला.
भाव बदलला होता.

सोआचाच्या या टेकडीवरून
बोगोताचे दिवे दिसतात,
बोगोताचं पाणी वर चढत नाही.
टँकर शुक्रवारी येतो, आला तर.
त्या पाण्यात राजमा भिजवायचा,
दोन तास सिलिंडर जाळायचा,
आणि तू तर चारला उठून, दोन बस बदलून
उत्तरेला लोकांच्या फरश्या पुसायला जातेस.
सॉसेज पाच मिनिटांत होतं.
सरकारनं कर सॉसेजवर लावला
आणि बसला तो तुझ्या पाच मिनिटांवर.
इतका बारीक हिशेब
तिकडे कोण मांडणार?

रेडिओवरचा डॉक्टर म्हणाला, तुमच्याच भल्यासाठी.
त्याला खोटं कसं म्हणू?
माझ्या आन्सेल्मोचा अंगठा साखरेनं नेला,
मग पाऊल,
मग काउंटरमागची ही खुर्चीच रिकामी.
जन्मभर हाच माल विकला त्यानं,
आणि दुपारी, मी पाठ फिरवली की,
यातलंच एक पाकीट फोडायचा.
रिकामी पाकिटं मला नंतर सापडली,
तांदळाच्या पोत्यामागे, घडी घालून ठेवलेली.
तेव्हापासून कराला शिव्या घालताना
माझी जीभ अडखळते.

काल तुझा दुवान आला.
मुठीत नाणी, घामानं ओली.
म्हटलं, आठशे कमी पडतात रे.
तो पाकिटावरचे काळे अष्टकोन बघत उभा.
नुकताच वाचायला शिकलाय, बोट ठेवून वाचतो:
"मीठ जास्त."
त्याच्या खालचा: "चरबी जास्त."
मग मान वर करून मला,
"सगळंच जास्त आहे,
तर आम्हाला कमी का पडतं?"

मी सुरी घेतली.
मधोमध नाही, जरा त्याच्या बाजूनं कापलं
आणि वहीत अर्धंच लिहिलं.
मागे सकाळपासून माझा राजमा शिजत होता,
एकटीला फारच झालेला.
डबा भरून दिला. त्यानं झाकण उघडलं,
नाक मुरडलं, तरी नेला.

आज डबा परत आला,
आतून बाहेरून लख्ख घासलेला.

नुबिया, पाणी कुठलं वापरलंस?
टँकर तर उद्या आहे.