उजवं पान

डॉक्टर ब्राट्लान गेले, वह्या माझ्याकडे आल्या.
एकोणतीस. मी साधा नावाडी,
त्यांचं अक्षर लागायलाच अख्खा हिवाळा गेला.

डाव्या पानावर माणसं:
निल्सचा अंगठा, गळ रुतलेला.
पाद्रीणबाईंचा खोकला, पुन्हा.
उजव्या पानावर पक्षी:
आयडर बदकं चाळीस. पाणकावळे, मोजले नाहीत.
कुररी आली, यंदा दोन दिवस उशिरा.
कुठे कुठे शाई पलीकडे फुटलेली,
खोकल्यावर पंख उमटलेले.

फ्योर्डमध्ये मी वल्हवायचो. ते समोर,
मांडीवर पेटी, गळ्यात दुर्बीण.
"टुरे, जरा हळू," म्हणायचे.
मी हळू घ्यायचो.
दाढदुखी काय, थोडी थांबते.

पण त्या मार्चमध्ये ओलाउग अडली होती.
तिचा दीर रात्रीच निरोप देऊन गेला होता.
आम्ही सुळक्याखाली पोचलो तेव्हा फटफटत होतं
आणि वर पांढरा ससाणा बसला होता.
बर्फाचा पांढरा नव्हे, सायीचा,
पाठीवर टाक झटकल्यासारखे ठिपके.
डॉक्टर काहीच बोलले नाहीत.
वल्ही माझीच थांबली.

मूल निळं जन्मलं.
त्यांनी त्याच्या तोंडात फुंकर घातली,
कोमट पाण्यात धरलं, पुन्हा फुंकर,
दुपारपर्यंत.
मग ओलाउगच्या सासूनं आम्हाला कॉफी दिली,
साखर घालून. साखर तेव्हा मिळत नसे.

खरं सांगतो, ती तारीख शोधायलाच
मी वह्या मागून घेतल्या.
डावीकडे: मुलगा. साडेतीन किलो.
उजवीकडे: पांढरा ससाणा, एक.
खाली: थांबलो. तीन मिनिटं.

थांबलो.
मी, की आम्ही, ते लिहिलेलं नाही.

त्यानंतरची सगळी पानं चाळली.
प्रत्येक पक्ष्यापुढे बारीक अक्षरात: येताना.
येताना. येताना. येताना.
एकोणीस वर्षं मी समोर बसून पाहिलं होतं,
जाताना त्यांची मान पेटीच्या कडीवर,
आणि वाटायचं, म्हातारा झाला, डुलकी घेतो.

शेवटी मीच त्यांना ट्रुम्सोच्या इस्पितळात नेलं.
आता होडीला इंजिन होतं.
सुळक्याखाली आलो. कुरवांचा नुसता कल्ला.
म्हटलं, डॉक्टर, वर बघा की.

घोंगडीतून त्यांनी विचारलं,
"टुरे, आपण जातोय की येतोय?"