माध्यम

हर्षदाच्या वहीत एक रकाना होता: माध्यम.
मला माध्यम म्हणजे मराठी माध्यम,
सातवीपर्यंत, हर्णैची शाळा, वर पत्रा.
ती हसली. आई, कंद ज्यात रोवतात ते.
मग दापोलीचं कॉलेज संपलं, नाशकाला नोकरी लागली
आणि केशराचे उरलेले अकरा कंद
वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवून गेली,
लसणीच्या शेजारी.
दोनदा फोडणीला घेता घेता राहिले.

रंगाचे डबे होते घरात, बोटीच्या निळ्या रंगाचे.
बुडाला खिळ्याने भोकं पाडली.
अंगणातली जांभ्याची माती भरली:
पाणी घातलं की लाल गाळ, वाळली की कौल.
कंद आत तसाच, भिंतीत चिणल्यासारखा.
पुळणीची वाळू सात पाण्यांनी धुतली,
आठव्या पाण्याला जीभ लावली तरी खारट.
काथ्याच्या भुशाची वीट विकत आणली,
फुगली बादलीभर, आणि पाणी काही सोडीचना.
आठव्या दिवशी बोट घातलं
तर कंद पिकल्या चिकूसारखा, अंगावर हिरवट बुरशी.

शेणखतात मात्र पाती आली, गर्द, वीतभर.
शेजारची यमुना म्हणाली, अगो, ही तर लव्हाळी!
फूल नाही. नुसती पाती, खाऊनपिऊन सुखी.

खाजणातल्या चिखलाचं काय सांगू.
त्यातून एका सकाळी कुर्लीचं पिल्लू निघालं
आणि डोळे उंचावून बघत राहिलं,
जणू मीच कुठूनतरी उगवले होते.

फोनवर हर्षदा म्हणे, त्याला थंडी लागते गं,
सतरा अंश, कोरडी हवा.
इथे कार्तिकातही डब्यातलं मीठ पाझरतं.
थंडी कुठून आणू,
असं पुटपुटत मी रोजच्यासारखी पहाटे पाचला
बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडायला बसले
आणि थोड्या वेळाने स्वतःलाच हसले.

कंद उरले होते तीन.
लाद्यांवर पसरतात तो भाताचा तूस,
जुना, काळा पडलेला, बांगड्याचा वास न सुटणारा,
थर्माकोलच्या फुटक्या खोक्यात भरला.
खोकं शीतघराच्या दाराशी,
जिथे अर्धा गारवा आणि अर्धं बंदर.
कम्प्रेसरवरचा सुलेमान मुकादम काही बोलला नाही,
फक्त येता-जाता पायाने खोकं उजेडाकडे सरकवायचा.
लोक वाकून विचारायचे, कोळंबी काय भाव?

चोविसाव्या दिवशी तुसातून सरळ वर,
देठ जवळजवळ नाहीच,
जांभळं.
आत तीन तंतू, लालबुंद, बाहेर लोंबलेले,
दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखे. दुसरं काही सुचत नाही मला.
सुलेमानने कम्प्रेसर थांबवला नाही,
पण हात पुसले, आधी पँटला, मग रुमालाला.

तंतू खुडून मी काट्यावर ठेवले.
सुरमई मोजायचा काटा, शंभर किलोचा.
हलला नाही.
सुलेमान म्हणाला, फुंकर तरी मारून बघ.
मारली,
आणि तंतू उडाले.
मग आम्ही दोघं, वयं मिळून एकशे बारा,
ओल्या फरशीवर रांगत होतो,
बाहेर माणसं बर्फासाठी ओरडत होती.
दोन सापडले.

वहीत लिहिलं:
लाद्या दोनशे दहा. केशर, तंतू दोन.
हर्षदाच्या रकान्यात लिहिलं: तूस. वास येतो.
तिसरा कुठल्यातरी लादीला चिकटून
संध्याकाळच्या बोटीवर चढला असणार,
आणि आता सुवर्णदुर्गाच्या पलीकडे, काळोखात,
एखाद्या पापलेटाच्या पोटाशी
हळूहळू पिवळं पाणी सोडत असेल.