पुंगळी

पन्नास झाडल्या. टोपलीत एकोणपन्नास.
वहीत दोन्ही आकडे मांडावे लागतात,
म्हणून परभणीच्या मे महिन्यात, भर तिसऱ्या प्रहरी,
आम्ही दोघं रेंजच्या फुफाट्यात ओणवे:
मी, मुख्यालयातून निवृत्त झालेला आर्मोरर,
अन् प्रणोती सूर्यतळ, बारावीतली,
हिंगोलीहून सकाळच्या एसटीनं येणारी.

पिस्तूल क्लबानं जुनं घेतलेलं, एका डॉक्टरचं.
निळ्या पेटीवर अजून त्याच्या नावाची पट्टी,
आत फोममध्ये तेलाच्या बाटलीची रिकामी जागा.
"चार हंगाम वापरलं, काही तक्रार नाही," म्हणाला.
खरंय, त्याची नव्हती.

दर सातव्या-आठव्या गोळीला
पुंगळी अर्धीच बाहेर,
स्लाइडच्या जबड्यात चिलमीसारखी उभी, वर जरासा धूर.
"काका, अडकलं बगा."
नळी समोरच ठेव. बोट बाहेर.
मॅगझीन काढ. मग बोल.

पहिल्या दिवशी मी काहीच खोललं नाही.
गोळ्यांचा डबा बदलून पाहिला, तिचं मनगट पाहिलं,
मग बसलो पुंगळ्या वाचत, भिंग घेऊन.
एक्स्ट्रॅक्टरचं नख काठावर खूण ठेवतं.
कुठं खोल, कुठं नुसतं खरचटलेलं,
अन् काहींवर काहीच नाही,
जणू कुणी हात धरलाच नव्हता.

ओढायचं काम एकाचं, उडवायचं दुसऱ्याचं.
नख तिला धरून मागं आणतं,
इजेक्टरवर टेकली की उडते, कोललेल्या विटीसारखी.
"म्हंजे इजेक्टर काय करतो?"
काही नाही. हलत नाही.
"बस, एवढंच?"
एवढंच. हालला तर बघ मग.

दुसऱ्या दिवशी खोललं.
चेंबरमध्ये मेण, शिसं, काजळी,
काणी पडलेलं ज्वारीचं कणीस झटकावं तशी पडली कागदावर.
नखाच्या खाचेत तर डॉक्टरचे चारही हंगाम बसलेले.
पितळी ब्रश, रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश,
अन् शेवटी ती स्प्रिंग,
तांदळाच्या दाण्याएवढी,
कुणीतरी चिमट्यानं ताणून लांब केलेली.
थकलेल्याला ताणलं की दोन दिवस बरं चालतं.

नवी पुण्याहून यायची. तीन आठवडे.
"बॉलपेनची टाकू का कापून?" तिनं विचारलं.
नाही म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.
टाकली होती मी एकदा, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी,
वसमतच्या एका हवालदाराच्या पिस्तुलात.
त्याला लागलं नाही कुठं.
परत जमा करायला आला तेव्हा
त्यानं टेबलावर ते ठेवलं,
सही केली,
अन् माझ्याकडं बघितलं फक्त.

तीन आठवडे ती रिकाम्या हातानं उभी राहिली,
हातात पाण्याची बाटली धरून, भिंतीवरच्या ठिपक्यासमोर.
आज स्प्रिंग बसवली. आज पन्नास.
एकही अडकली नाही.
उजवीकडं, खांद्याच्या उंचीवरून, एकामागं एक,
भुईमुगाच्या शेंगा टोपलीत टाकाव्या तशा.
अन् मोजल्या तर ही एक कमी.

गव्हाणे किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे.
पोती हलवली, चटई झटकली,
तिनं वेणी सोडून बघितली, मी बूट काढून.
शेवटी वहीत लिहिलं: एक अप्राप्त.
साडेपाचची गाडी चुकेल म्हणून ती पळत गेली,
हात हलवायचाही राहिला.

घरी शर्ट काढताना चष्म्याच्या खिशात टक्क वाजलं.
मी तिच्या उजव्या अंगाला उभा होतो, म्हणजे बरोबरच.
भिंगाखाली धरली: काठावर नखाची खूण,
स्वच्छ, अंगठ्याच्या ठशासारखी.

गव्हाण्यांना फोन लावला. उचलला नाही.
मग एकटाच होतो खोलीत,
ओठाला लावून फुंकली.
वाजली.