एकाच खात्यावर

पाथर्डी फाट्याला कंपनीची बस येते सहा दहाला.
जानेवारी. स्वेटरवर शाल, शालीवर ओढणी,
आणि त्या सगळ्याच्या आत, कानात,
भैरवाचा आलाप नुकताच वर चढायला लागलेला
तेवढ्यात गप्प.
पडद्यावर ओळ येते :
दुसऱ्या फोनवर चालू आहे.

म्हणजे ओजस उठला.
किंवा झोपलाच नाही अजून.

खातं एकाचंच आहे.
घेताना तोच म्हणाला होता, पुरेल दोघांना.
आता हैदराबादला तो, इथे मी,
आणि गाणं एका वेळी एकाच गावात.

अंबडला मी कॉइल गुंडाळते.
अकराशे वेढे. मोजायला यंत्र आहे,
तरी ओठ मोजत राहतात.
फोन लॉकरमध्ये. तेवढे आठ तास सगळं त्याचं.
घरी आल्यावर यादीत दिसतं काय काय ऐकलं ते :
कान किटेस्तोवर आरडाओरडा,
मग एकदम एकटा पियानो,
तोच, सतरा वेळा.
सतरा वेळा का, ते यादीत नसतं.
फोनवर तो सांगतो, जेवलो.

ॲपला वाटतं आम्ही एकच माणूस.
पहाटे भैरव ऐकणारा, मध्यरात्री गिटार बडवणारा
असा कुणी तिसराच इथे राहतो,
आणि त्याच्यासाठी ते रोज नवी गाणी निवडून आणतं.
परवा त्यातलं एक मला आवडलं.
वर सारंगी, खाली नुसती धडधड.
मेथी करपली.
शेजारच्या पगारेबाईंना ऐकवलं तर म्हणाल्या,
हे काय कालवून ठेवलंय?

मधेच तुटलं की आधी चिडायचे मी.
मागल्या आठवड्यात तीन दिवस
प्रत्येक गाणं शेवटपर्यंत गेलं.
समेवर आलं, संपलं, पुढचं लागलं.
चौथ्या दिवशी बसमधूनच फोन लावला.
"ताप होता गं. उतरला."

काल रात्री पावणेतीनला जाग आली.
पाहिलं, तर पियानो चालू.
हाताला आलं ते लावलं मी, अंथरुणातूनच.
तिकडे थांबलं असणार.
अर्ध्या मिनिटात त्यानं माझं थांबवलं.
मी पुन्हा त्याचं.
तो पुन्हा.
मग मी.

मग बराच वेळ माझंच चालू राहिलं.
फोन चार्जरला लावला, आवाज पार खाली नेला,
बंद मात्र केलं नाही.
सहा दहापर्यंत तशीच पडून होते,
त्याची वाट अडवून.