शून्य पूर्णांक सतरा

यादी लावायची ती मीच लावतो.
सकाळी साडेनऊला, पाण्याच्या टाकीशेजारच्या फलकावर,
चार टाचण्या, तीनच मिळाल्या तर तीन.
जूनमध्येही सोलापुरात भिंत हाताला चटका देते,
तरी मुलं तिला चिकटून उभी राहतात,
आपलं आडनाव बोटानं शोधत, खालून वर.
वरून खाली शोधणारे
पुण्याला गेलेले असतात.

बीएस्सी, एंटायर कॉम्प्युटर. विमाप्र.
शेवटचा आकडा ७४.३३.
लावण्या येमूल, ७४.१७.
सहाशेतले चारशे पंचेचाळीस.
एक गुण म्हणजे शून्य पूर्णांक सतरा,
हे मला पाढ्यासारखं पाठ आहे.
एक गुण म्हणजे रसायनात एक बाण उलटा,
किंवा तपासणाऱ्याचा चहा गार झालेला,
किंवा काहीच नाही.

ती भांडली नाही.
भांडणारी मुलं मला बरी पडतात,
त्यांना नियम वाचून दाखवता येतो.
हिनं गुणपत्रिका काचेखालून सरकवली.
तर्जनीच्या पेरावर दोऱ्यानं पाडलेली खाच,
नखांना तंबाखूचा पिवळेपणा.
पेपरच्या आदल्या रात्री किती वळल्यास,
असं मी विचारलं नाही.
अर्जात त्याला रकाना नाही.

मागून तिची आई पुढे आली.
"छाट किती काढलाव वो साहेब?"

मला आधी कळेना.
मग ती सांगू लागली, मराठीत सुरू करून
तेलुगूत शिरत, पुन्हा बाहेर येत:
कारखान्यात चेकर बसतो.
हजार विड्या नेल्या की मूठभर उचलतो, दाबतो,
तोंड बघतो, कधी विडीचं, कधी आमचं.
पान फाटकं दिलं त्यांनीच,
तंबाखू तोलून दिली त्यांनीच,
विडी ढिली निघाली की ती आमची.
"आणि छाट परत देत न्हाईत वो.
ठेवून घेतात. मजुरी तेवढी कापतात."

मी म्हणालो, इथं तसं नाही, मावशी.
इथं सगळ्यांना एकच तराजू.
बोलता बोलता नजर पावतीबुकावर गेली:
अर्ज शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.
शिक्का माझाच. जरा तिरका बसलेला.

दुसरी यादी सोमवारी, मी सांगितलं.
वरच्या तिघांनी पुण्यात प्रवेश घेतला तर
जागा निघेल.
लावण्यानं विचारलं, "तिघांची नावं सांगता का?"
कशाला?
"मार्कंडेयाच्या देवळात सांगून ठेवते,
त्यांचं लवकर जमू दे म्हणून."
आई हसली.
मला हसू आलं, पण कार्यालयीन वेळ होती.

बारावीला मला बावन्न टक्के होते.
एकोणीस वर्षांत कुणी विचारले नाहीत.
या खिडकीच्या आतल्या बाजूला यायला
गुण लागले नव्हते, चुलते लागले होते.

सोमवारसाठी टाचण्या शोधतोय.
यादी अर्ध्या पानातच संपते,
शेवटच्या नावाखाली कागद कोरा राहतो.
कापला तर उरलेला उपयोगी पडेल,
साहेब दरवर्षी म्हणतात.
मी कापत नाही.
बोटं तिथूनच सुरू होतात.